किल्लीनं केलेल्या सह्या

माझ्या मावशीला आमच्या शहरात क्लचबाई म्हणतात. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे ‘क्लचबाई’. तिला हे ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. एकतीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवतेय, आणि एवढ्या वर्षांत ‘क्लच’ हा शब्द तिनं जितक्या वेळा उच्चारला असेल, तितक्या वेळा माझ्या आईनं मला हाकसुद्धा मारली नसेल. बँकेतला कॅशियर, दाताची डॉक्टर, पोस्टातल्या दोघी बहिणी, अग्निशामक दलातला एक धिप्पाड गडी, सगळे तिच्या शेजारी बसून घामाघूम झालेले आहेत. सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागून हॉर्न वाजायला लागले, की अजूनही तिचाच आवाज कानात येतो, असं त्यातले कित्येक जण सांगतात. “घाबरू नको. मागच्याला वाजवू दे. क्लच.”

पण ही शाळा मुळात मावशीची नव्हे, तिच्या यजमानांची. मी त्यांना काका म्हणते, बाकी सगळे मास्तर म्हणतात. दोन दुकानांमधल्या बोळात एक खोली, खोलीत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि टेबलावर मधोमध कापून ठेवलेला एक जुना गिअरबॉक्स, ज्याच्या आतली चाकं दात विचकून बघत असायची. काका गाडी शिकवायचे आणि मावशी वहीत कुणाचा कितवा तास झाला ते लिहायची. संसार असा बरा चालला होता.

मग काकांची नजर जायला लागली. एकदम नव्हे. आधी अंधार पडल्यावर दिसेना, मग बाजूचं दिसेना. समोरचं तेवढं स्वच्छ, जणू नळकांड्यातून बघतोय. डॉक्टरांनी सांगितलं, नळकांडं अरुंद होत जाईल, त्याला औषध नाही. काकांनी ते घरी सांगितलं नाही. असतात काही माणसं अशी.

एका सकाळी शिकाऊ मुलगी गाडी चालवत होती आणि डावीकडून एक सायकलवाली पुढ्यात आली. काकांना ती दिसलीच नाही. शिकाऊ मुलगीच किंचाळली म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. सायकलवालीला काही झालं नाही. तिनं काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ती निघून गेली. काकांनी गाडी कडेला लावायला सांगितली, मुलीला घरी पाठवलं, गाडीला कुलूप घातलं आणि ते चालत घरी आले. मावशी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. त्यांनी गाडीची किल्ली टॉवेलांच्या चळतीवर ठेवली.

“आता तू,” ते म्हणाले.

“आता मी काय?”

“तू चालव. तू शिकव.”

“अहो, मला धड सायकल येत नाही!”

“बरंय. म्हणजे वाईट सवयी लागलेल्या नाहीत.”

तेव्हा मावशी छत्तीस वर्षांची होती. गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानात काकांनी तिला चार महिने शिकवलं. ते शिकवणं वेगळंच होतं, असं ती सांगते. एरवी शिकवणारा रस्त्याकडे बघ म्हणतो. काका म्हणायचे, “ऐक. तिसऱ्यात रडतेय ती. दुसरा घाल.” गाडीत बसण्याआधी ते इंजिन चालू करून बॉनेटवर तळवा ठेवायचे, एखाद्या आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तिलाही ठेवायला लावायचे. “काय म्हणतेय?” सुरुवातीला मावशीला वाटायचं, यांचं डोकं फिरलं. तिसऱ्या महिन्यात तिला खरंच कळायला लागलं, आज थंड आहे, आज प्लग चुकतोय.

परवान्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. मागे घेताना दोन खांब आडवे केले. घरी येऊन रडली. काका म्हणाले, “झालं ते उत्तम झालं. पहिल्या फटक्यात पास होणाऱ्याला शिकणाऱ्याचं दुखणं कळत नाही. आता तू चांगली शिकवशील.” दुसऱ्यांदा ती पास झाली, आणि तेव्हापासून शाळा तिची.

काकांचं नळकांडं मिटत मिटत पन्नाशीला पूर्ण मिटलं. ते घरी बसून शाळेचे फोन घ्यायचे, तासांच्या वेळा तोंडपाठ ठेवायचे. आणि रेडिओवर मोटारींच्या शर्यती ऐकायचे. ते त्यांचं जुनं वेड. शहराबाहेर टेकडीच्या उतारावर शर्यतीचा ट्रॅक आहे, वर्षातून एकदा तिथं मोठी शर्यत होते. तरुणपणी काका एकही शर्यत चुकवायचे नाहीत. शर्यतीच्या आदल्या दिवशी चालक सह्या द्यायला बसायचे, तेव्हा काका निळ्या पुठ्ठ्याची एक वही घेऊन रांगेत उभे असायचे. नजर गेल्यावर मात्र त्यांनी ट्रॅकचं नाव टाकलं. मावशी दर वर्षी विचारायची, “जाऊया का?” ते म्हणायचे, “तिथं मला बघायला काय आहे?” अकरा वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

मी तेव्हा दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी मावशीकडे जायचे. अशाच एका गुरुवारी मी गेले तर मावशी अजून तासावरून आली नव्हती. दार नुसतं लोटलेलं. काका खिडकीपाशी बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ती निळी वही होती. उलटी धरलेली. ते एकेका पानावरून बोटं फिरवत होते, वरून खाली, सावकाश. माझी चाहूल लागली तशी त्यांनी वही मिटली.

“काय करताय काका?”

“काही नाही गं. बघत होतो काही लागतंय का हाताला.” मग हसून म्हणाले, “कोरी झालीय. एक्केचाळीस सह्या होत्या.”

मी ते मावशीला जिन्यातच गाठून सांगितलं. ती पायरीवर थांबली. हातातली पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली आणि नुसतं “बरं” म्हणाली. मला वाटलं, विषय संपला. पण मावशीचं ‘बरं’ म्हणजे पहिला गिअर, हे मला तोवर कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं मला पेंटरकडे नेलं. हा पेंटर वीस वर्षं तिच्या शिकाऊ गाडीचे पोचे काढत आलेला. बोलायला अतिशय कंजूस.

“बॉनेटवर सह्या घ्यायच्यात,” मावशी म्हणाली. “शर्यतवाल्यांच्या. पण शाईच्या नकोत. बोटाला लागल्या पाहिजेत.”

“बॉनेटच का?” मी विचारलं.

“कारण त्यांचा हात आपोआप तिथंच जातो,” ती म्हणाली.

पेंटरनं बराच वेळ बॉनेटकडे बघितलं. “पुट्टी,” तो म्हणाला. पोचे बुजवायला जी पुट्टी लावतात ती वाळली की दगड होते. पण तो तिच्यात घट्ट करणारं औषध कमी घालणार होता, म्हणजे ती काही तास चामड्यासारखी राहील. टोच्यानं लिहिलं तर रेघ खोल उमटेल. “दुपारी बारापर्यंत. ऊन लागलं तर आधीच. ओली चादर टाका वरून.” त्या एका दिवसात तो त्याच्या महिन्याभराचं बोलला असेल.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला त्यानं आख्ख्या बॉनेटवर पुट्टीचा थर चढवला. गाडी पुढून राखाडी झाली, चेहऱ्याला लेप लावून बसल्यासारखी. काकांना मावशीनं सांगितलं होतं की माझी दाढ दुखतेय, मला डॉक्टरकडे न्यायचंय.

“सकाळी साडेसातला?” काकांनी विचारलं.

“फार दुखतेय काका,” मी म्हणाले.

“हिला बोलता तर छान येतंय,” काका म्हणाले. आम्ही पळालो.

ट्रॅकच्या वाहनतळावर मावशीनं दहा नंबरचा पाना काढला. बॉनेटचे चार बोल्ट तिनं सोडवले, काचेवर पाणी उडवायची नळी काढली, आणि आम्ही दोघींनी ते बॉनेट उचललं. वजन फार नव्हतं, पण आकार असा अडचणीचा, की आम्ही दार वाहून नेणाऱ्या चोरांसारख्या दिसत होतो. वर ओली चादर. लोक वाट सोडून बघत होते. एकानं तर विचारलं, “कोणाला लागलंय का?”

फाटकावरच्या रखवालदारानं आम्हाला थांबवलं. चादर उचलून बघितलं. मग मावशीकडे बघितलं आणि एकदम ताठ उभा राहिला.

“बाई! तुम्ही?”

मावशीनं त्याला क्षणभर न्याहाळलं. “तू तो. चढावर गाडी मागे सोडायचास.”

“आता नाही सोडत, बाई.”

त्यानं भिंतीवरचा मनाईचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला. काचेच्या बाटल्या, छत्र्या, पाळीव प्राणी, धारदार वस्तू. बॉनेट त्यात नव्हतं. “बॉनेट न्या,” तो म्हणाला. “पण तुमच्या पिशवीतला हा टोचा इथं ठेवावा लागेल.”

“अरे, त्याच्याशिवाय बॉनेट नेऊन उपयोग काय?”

“धारदार वस्तू आहे, बाई.”

“मी ओळखीची आहे ना तुझ्या?”

त्याला फार वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो म्हणाला, “तुम्हीच सांगायचात, पिवळा दिवा लागला की ओळख काढायची नाही, थांबायचं.”

मावशीनं मुकाट्यानं टोचा दिला. मी चिडले होते. ती मात्र दहा पावलं गेल्यावर म्हणाली, “चांगला शिकलाय गं.”

आत गॅरेजांच्या मागच्या बाजूला लांब टेबलं मांडली होती आणि चालक खुर्च्यांवर बसून टोप्यांवर, फोटोंवर, कुणाच्या शर्टाच्या पाठीवर सह्या करत होते. साडेदहा वाजले होते. ऊन वर आलं होतं. आम्ही रांगेत उभ्या राहिलो आणि मावशी चादरीखाली हात घालून पुट्टी दाबून बघत राहिली.

“पेनाचं टोक चालेल का?” मी म्हणाले. तिनं पेन दाबून बघितलं, तर टोकच आत गेलं. केसांतली पिन वाकली. मग तिनं पर्समध्ये हात घातला, आणि हात तसाच आत ठेवून माझ्याकडे बघितलं. बाहेर आली ती गाडीची किल्ली.

“ही कोण काढून घेणार?” ती म्हणाली.

पहिला चालक अगदी कोवळा, काळा चष्मा लावलेला. आम्ही बॉनेट टेबलावर ठेवून चादर काढतोय तोवर त्यानं जाड काळ्या पेननं झर्रकन सही ठोकून दिली. मावशी म्हणाली, “छान आहे रे बाळा. पण ही त्यांना दिसायची नाही.”

“कुणाला?”

“माझ्या यजमानांना. त्यांना दिसत नाही. बोटांनी वाचायचीय त्यांना.” आणि तिनं किल्ली पुढे केली. “हिनं कर. जोर लावून.”

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. किल्लीकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं. “काकू, आमच्या गाडीवर कुणी किल्लीचा ओरखडा काढला तर माझे वडील पोलिसात जातील.”

“माझ्याकडून कुणी जाणार नाही. काढ.”

त्यानं आपल्याच शाईच्या रेघेवरून किल्ली ओढली. राखाडी कीस वर आला. त्यानं फुंकर मारली, बोट फिरवून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा खुलला की मला तो शाळकरी वाटला. मग तो शेजारच्या टेबलाकडे ओरडला, “ए, इकडे ये! किल्लीनं सही करायचीय!”

तिथून बातमी टेबलाटेबलानं पुढे गेली. लोक आम्हाला पुढे सोडायला लागले. एका बाई-चालकानं आपल्या सहीखाली गाडीचा नंबरही कोरला. एकाला आमची भाषा येत नव्हती, त्याला मी हातवारे करून समजावलं. त्यानं मावशीचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी लांबलचक म्हणाला आणि मग सही केली. सगळेच काही तयार झाले नाहीत. एकाच्या व्यवस्थापकानं, हाताला काही झालं तर, म्हणून मनाई केली. गेल्या वर्षीचा विजेता तर कानात काहीतरी घालून आमच्या समोरून निघून गेला. मावशीनं त्याला नावं ठेवली नाहीत. “उद्या त्याची शर्यत आहे,” ती म्हणाली. “डोक्यात वळणं चालली असतील.”

अकरा सह्या झाल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते आणि किल्ली जड चालायला लागली होती. टेबलं आवरायला सुरुवात झाली. अगदी टोकाला, टेबलापाशी नव्हे तर उलट्या खोक्यावर, एक चालक हातमोजे साफ करत बसला होता. दाढीचे खुंट पिकलेले. त्याच्यापुढे रांग नव्हती. बाकीचे त्याला आजोबा म्हणत होते. वय असेल सत्तेचाळीस, पण त्या गर्दीत तो खरंच आजोबा होता.

त्यानं घाईनं किल्ली घेतली नाही. “यजमान गाडी चालवायचे?” त्यानं विचारलं.

मावशीनं सांगितलं. शाळेचं सांगितलं, मैदानाचं सांगितलं, ‘ऐक, तिसऱ्यात रडतेय’ हेही सांगितलं. एरवी ती हे कुणाला सांगत नाही.

“मग त्यांना का नाही आणलंत?”

“ते येत नाहीत. म्हणतात, बघायला काय आहे?”

त्यानं हातमोजे बाजूला ठेवले. मग खोक्यावरून उठून जमिनीवर मांडी घालून बसला, बॉनेट जवळ ओढलं आणि डोळे मिटून एका बोटानं सगळ्या अकरा सह्या चाचपल्या. एक रिकामा कोपरा सापडल्यावर त्यानं डावा हात आडवा धरून लिहायला घेतलं. पुट्टी आता कडक झाली होती. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. चांगली चार-पाच मिनिटं तो किल्ली रेटत होता.

मावशी वाकून बघायला लागली तर म्हणाला, “त्यांच्यासाठी आहे ना? मग तुम्ही कशाला बघताय?” आणि लिहून झाल्यावर त्यानंच वर चादर ओढली.

घरी आम्ही बॉनेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं, खाली दोन घोंगड्या घालून. काका आवाजानं बाहेर आले. त्यांचा हात टेबलाच्या कडेऐवजी पत्र्याच्या कडेवर पडला आणि ते दचकले.

“हे काय? बॉनेट? माझ्या गाडीचं? ठोकलीस?”

“ठोकली नाही. हात फिरवा.”

त्यांनी हात फिरवला. पहिल्या सहीवर बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मावशी दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती, परीक्षेच्या निकालाला उभी असल्यासारखी. मग काकांनी पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. आम्ही ‘हो’ म्हणालो. दुसरं वाचलं. तिसऱ्याला म्हणाले, “हा डावखुरा आहे.” तो डावखुराच होता. “हिनं नंबर लिहिलाय. बावीस. रेडिओवाला हिचं नाव कायम चुकीचं घेतो.” एका वेड्यावाकड्या सहीवर हसले. “हा वळणावर ब्रेक उशिरा मारत असणार. बघ, अक्षर कसं बाहेर गेलंय.” हसता हसता त्यांचे डोळे पुसायची वेळ आली, आणि त्यांनी ते बाहीनं पुसले, आणि पुन्हा कामाला लागले.

शेवटच्या कोपऱ्यात ते अडखळले. “हे नाव नाहीये गं.”

“सही आहे ती आजोबांची. अक्षर वाईट असेल.”

“नाव खाली आहे. वर वेगळंच काही आहे.” ते एकेक अक्षर दोनदोनदा चाचपत होते. “उ... द्या... या.” मग खालची ओळ. “वळण पाच.”

मावशी पुढे झाली आणि त्या ओळीवर वाकली.

मावशी म्हणाली, “मी नाही हो सांगितलं त्याला तसं लिहायला.”

“मला ठाऊक आहे,” काका म्हणाले. त्यांची बोटं अजून त्या दोन शब्दांवरच होती. “पाचवं वळण म्हणजे उताराचं. तिथं सगळे चौथ्यातून तिसऱ्यात येतात.” आणि थोड्या वेळानं, “उद्या किती वाजता निघायचं?”

दुसऱ्या दिवशी बॉनेट पेंटरच्या भट्टीत भाजायला गेलं होतं, म्हणून आम्ही उघड्या इंजिनाच्या गाडीनं गेलो. रखवालदारानं फाटक उघडून काकांना हात धरून आत नेलं. पाचव्या वळणाशी गवताचा उतार आहे आणि पुढे तारेची जाळी. काकांना खाली बसायचं नव्हतं. ते जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीचा लोंढा आला तेव्हा मी कान झाकले. काकांनी मान जरा तिरकी केली. तिसऱ्या फेरीपासून ते सांगायला लागले: हा लवकर तिसऱ्यात उतरला, याचं इंजिन नवं आहे, ही बावीस नंबरची, क्लच किती सुरेख सोडते! आमच्याभोवतीचे लोक आधी हसले, मग ट्रॅककडे बघायचं सोडून काकांकडे बघायला लागले. ते ज्या गाडीचं कौतुक करायचे, पुढच्या फेरीला तीच गाडी पुढे गेलेली असायची.

आठव्या फेरीला आजोबांची गाडी शेवटून तिसरी आली. काकांच्या कपाळावर आठी पडली. नवव्या फेरीला म्हणाले, “तिसरा गिअर निसटतोय त्याचा. हातानं दाबून धरलाय बिचाऱ्यानं.” मावशीनंही मान हलवली. तिलाही ऐकू आलं होतं. बाराव्या फेरीला गाडी वळणात शिरली, इंजिन एकदम मोकळं किंचाळलं, आणि ती गवतावर उतरून हळूहळू थांबली. माणसाला काही झालं नव्हतं. आजोबा खाली उतरले, हेल्मेट काखेत घेतलं आणि जाळीच्या आतल्या वाटेनं चालत आमच्याच बाजूला यायला लागले.

मावशीनं काकांना सांगितलं, “तो येतोय.”

पावलं जवळ आल्यावर काका म्हणाले, “तिसरा गेला ना?”

आजोबा थांबले. “तुम्हाला कसं कळलं?”

“आठव्या फेरीपासून कुरकुरत होता. तुम्ही नवव्यापासून दाबून धरलात.”

आजोबांनी काकांकडे बघितलं, मग शेजारी उभ्या मावशीकडे, आणि मग ते इतक्या मोठ्यानं हसले की बाजूचा झेंडेवालाही वळला. “मास्तर!” ते म्हणाले. “माझ्या मेकॅनिकला दहाव्या फेरीपर्यंत पटत नव्हतं!”

मावशी म्हणाली, “तुमचे आभार कसे मानावेत ते मला...”

“थांबा,” त्यांनी जाळीतून दोन बोटं बाहेर काढली आणि काकांच्या बोटांवर ठेवली. “सव्वीस वर्षं चालवतोय. शेवटून तिसऱ्याकडे कोण लक्ष देतं हो? आज प्रत्येक फेरीला या वळणावर मला ठाऊक होतं, इथं कुणीतरी कान देऊन उभं आहे. आभार मला मानू द्या.”

घरी परतताना मावशीनं गाडी मोठ्या रस्त्याला घातली. मग काका म्हणाले, “तू दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अजून घाई करतेस.”

“हो का?” मावशी म्हणाली. “मग या उद्यापासून शिकवायला.”

आणि ते खरंच गेले. शिकाऊ गाडीत मागच्या सीटवर बसून ते ऐकायचे. घाबरलेल्या शिकाऊला त्यांचं असणं फार बरं वाटायचं, कारण ज्याला दिसतच नाही त्याच्यासमोर चुकायची लाज वाटत नाही. पेंटरनं बॉनेटवर पारदर्शक थर मारून दिला. रस्त्यात लोक विचारायचे, “बाई, गाडीवर कुणी ओरखडे काढले?” मावशी सांगायची, “बारा जणांनी. सगळ्यांची नावं आहेत माझ्याकडे.” तिनं त्या बाराही जणांना पत्रं लिहिली, स्वतःच्या हातानं. सही न केलेल्यांनाही दोन ओळी लिहिल्या, तुम्ही आमच्यासमोरून गेलात तेवढंही पुष्कळ झालं म्हणून. मला ते जरा जास्तच वाटलं. ती म्हणाली, “तुला नाही कळायचं. अकरा वर्षं त्या घरात ‘काय आहे बघायला’ ऐकलंय मी. आता कुणाकुणाला धन्यवाद द्यायचे ते मी हात आखडून मोजू होय?”

आता मावशी सदुसष्ट वर्षांची आहे. शाळा तिच्या एका विद्यार्थिनीनं चालवायला घेतलीय, मावशी आठवड्यातून दोन दिवस जाते. काकांचा उजवा कान थोडा मंद झालाय, म्हणून ते डावा कान पुढे करतात. शर्यत मात्र आम्ही चुकवत नाही. आजोबांनी तीन वर्षांपूर्वी चालवणं सोडलं. तेही येतात, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन, काकांच्या डाव्या बाजूला बसतात, आणि वळणावर गाडी आली की दोघांची पैज लागते, कोणता गिअर निसटणार याची. मावशी उतारावर थोडी मागे बसते. तिला शर्यतीतलं फारसं काही दिसत नाही, कारण मधे या दोघांच्या पाठी येतात. मी एकदा तिला म्हणाले, पुढे ये ना, इथून काय दिसतंय तुला? तिनं थर्मासचं झाकण माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “बस इथं. चहा घे.”